व्हीआरचा व्यायाम आणि साधं चालणं : शरीरावरचा फरक घरच्या घरी कसा मोजायचा

डोक्याला व्हीआरचा (व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटीचा, म्हणजे डोळ्यांपुढे आभासी जग दाखवणारा) हेडसेट लावून वीस मिनिटं खेळातले ठोकळे तालावर कापले की घड्याळ नाडी १४० दाखवतं. दुसऱ्या दिवशी तेवढाच वेळ झपझप चाललं तर तेच घड्याळ ११५ वर अडकतं. त्यावरून बहुतेक जण ठरवून टाकतात की व्हीआरमध्ये व्यायाम जास्त झाला. हा हिशेब बऱ्याचदा चुकतो. नाडी सारखी असली तरी शरीराने केलेलं काम सारखं असतंच असं नाही, आणि नाडी जास्त दिसली म्हणून काम जास्त झालं असंही नाही. हातांनी केलेल्या आणि पायांनी केलेल्या कामाला हृदय वेगवेगळं उत्तर देतं. हे ध्यानात ठेवून मोजमाप केलं, तर दोन्हींतून नेमकं काय मिळतं ते चार दिवसांच्या नोंदींतून स्पष्ट दिसतं.

हातांच्या कामाला नाडी जास्त का चढते

चालताना मांड्या, नितंब आणि पोटऱ्या राबतात. हे शरीरातले सगळ्यात मोठे स्नायू. काम त्यांच्यात वाटलं जातं, त्यामुळे एकेका स्नायूवर फार ताण येत नाही. शिवाय प्रत्येक पावलाला पोटरी आकसते आणि पायांतलं रक्त वर ढकलते. हृदयाकडे भरपूर रक्त परत येतं, दर ठोक्याला भरपूर रक्त बाहेर पडतं, आणि कमी ठोक्यांत काम भागतं.

ठोकळे कापताना किंवा हवेत ठोसे मारताना बहुतेक भार खांदे, दंड आणि पाठीच्या वरच्या भागावर येतो. हे स्नायू लहान. तेवढ्याच ऑक्सिजनचं काम त्यांना त्यांच्या ताकदीच्या बऱ्याच मोठ्या हिश्शाने करावं लागतं. पाय जवळपास जागच्या जागी असले तर पोटरीचा पंप मंद चालतो, परत येणारं रक्त कमी पडतं, दर ठोक्याला बाहेर पडणारं रक्तही कमी होतं, आणि ही तूट हृदय ठोके वाढवून भरून काढतं. त्यात खेळ चालवायचा कंट्रोलर मुठीत आवळून धरलेला असतो आणि हात वारंवार छातीच्या वर जातात. या दोन्ही गोष्टींनी रक्तदाब आणखी चढतो. म्हणून तेवढाच ऑक्सिजन वापरूनही हातांच्या व्यायामात नाडी आणि रक्तदाब दोन्ही पायांच्या व्यायामापेक्षा जास्त दिसतात. उलट, नुसत्या हातांनी कितीही जोर लावला तरी पायांच्या व्यायामात जितका ऑक्सिजन शरीर खेचू शकतं तितका खेचला जात नाही. साधारण ६० ते ७० टक्क्यांवरच गाडी थांबते.

तिसरी गोष्ट उत्तेजनेची. समोरून वस्तू अंगावर येत असते, गुण मोजले जात असतात, पायाखाली खोल दरी दिसत असते. अशा वेळी अ‍ॅड्रेनालिन वाढतं आणि स्नायूंनी काहीही न मागता ठोके चढतात. त्या चढलेल्या ठोक्यांमागे जाळलेली ऊर्जा नसते.

आधी हाताशी काय हवं

छातीला बांधायचा नाडीचा पट्टा मिळाला तर फार उत्तम. मनगटी घड्याळ त्वचेवर प्रकाश टाकून रक्ताची ये-जा मोजतं. हात जोरात फिरला, मनगट वाकलं, मूठ आवळली की त्याचं मोजणं ढळतं, आणि व्हीआरमध्ये या तिन्ही गोष्टी सतत चालू असतात. पट्टा छातीच्या स्नायूंच्या लगेच खाली, बरगड्यांना घट्ट बसेल असा बांधा. आतल्या बाजूचे दोन्ही खरखरीत पट्टे पाण्याने ओले करा. ते कोरडे राहिले तर पहिली पाच-सात मिनिटं आकडे वेड्यासारखे उड्या मारतात. मग घाम आला की आपोआप सुधारतात, आणि आपल्याला वाटतं की सुरुवातीला नाडीच तशी होती.

पट्टा नसेल तर घड्याळ मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर सरकवा, एक घर जास्त आवळा, आणि त्यावर पूर्ण विश्वास ठेवू नका. चालताना घड्याळाची एक खास चूक होते : ते नाडीऐवजी पावलांचा ताल पकडतं. घड्याळ ११२ दाखवतंय आणि पावलंही मिनिटाला ११२ पडतायत, असं दिसलं की थांबा. दोन बोटं मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला ठेवा, लगेच १५ सेकंद ठोके मोजा आणि चारने गुणा. थांबल्याबरोबर नाडी उतरायला लागते, म्हणून मोजायला उशीर करू नका. बोटांनी २४ ठोके मोजले तर नाडी ९६. मग घड्याळ नाडी नव्हे, तुमची पावलं मोजत होतं.

बाकी सामान साधं. व्हीआरसाठी किमान २ मीटर लांब आणि २ मीटर रुंद मोकळी जागा. पायाखाली मधोमध साधारण ६० सेंटिमीटरची रबरी चटई, म्हणजे हेडसेटमधून खाली दिसलं नाही तरी तळव्यांना कळतं की आपण मध्यावर आहोत की भिंतीकडे सरकलो. समोरच्या बाजूला पंखा. चालण्यासाठी सपाट, सरळ, अंतर माहीत असलेली वाट किंवा ट्रेडमिल. आणि वही.

पंख्याला चैन समजू नका. चालताना शरीर स्वतःच वारा कापत जातं आणि घाम सुकतो. खोलीत एका जागी उभं राहून खेळताना हवा हलत नाही, हेडसेटने कपाळ आणि गाल झाकलेले असतात. अंग तापलं की रक्त त्वचेकडे वळतं आणि तेवढ्याच कामाला नाडी हळूहळू वर सरकत जाते. पंखा नसेल तर शेवटच्या दहा मिनिटांतली वाढ व्यायामाची की उकाड्याची, हे सांगता येत नाही. त्याच वाऱ्याने आणखी एक फायदा होतो : चेहऱ्यावर वारा कुठून लागतो त्यावरून आपलं तोंड कुठल्या दिशेला आहे ते कळत राहतं.

स्वतःच्या नाडीच्या सीमा काढा

सकाळी उठल्यावर, अंथरुणातच, पूर्ण एक मिनिट नाडी मोजा. तीन दिवसांची सरासरी ही तुमची विश्रांतीची नाडी. कमाल नाडीचा अंदाज दोन सूत्रांनी काढतात : २२० वजा वय, किंवा २०८ वजा वयाच्या ०.७ पट. चाळिशीत दोन्ही सूत्रं १८० देतात. साठीत पहिलं १६० देतं, दुसरं १६६. वय जास्त असेल तर दुसरं सूत्र वापरा, पण दोन्ही अंदाजच आहेत. प्रत्यक्षात एखाद्याची कमाल नाडी त्याहून दहा-बारा ठोक्यांनी इकडेतिकडे असणं अगदी नेहमीचं.

कमालमधून विश्रांतीची नाडी वजा केली की उरते ती राखीव नाडी. कमाल १८०, विश्रांतीची ७०, तर राखीव ११०. मध्यम व्यायाम म्हणजे राखीवच्या ४० ते ५९ टक्के. ११० चे ४० टक्के ४४, त्यात ७० मिळवले की ११४. ५९ टक्के म्हणजे ६५, मिळवून १३५. तेव्हा या माणसाचा मध्यम पट्टा ११४ ते १३५, आणि १३६ पासून पुढे जोराचा व्यायाम. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर गटातलं औषध चालू असेल तर ही गणितं बाजूला ठेवा. ते औषध ठोके दाबून धरतं. अशा वेळी खाली दिलेली श्रमाची मोजपट्टी आणि बोलण्याची चाचणी यांवरच चाला.

स्वीडिश मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांची ६ ते २० ची मोजपट्टी या कामाला सोपी पडते. ६ म्हणजे काहीच कष्ट नाहीत, ११ हलकं, १३ थोडं जड, १५ जड, १७ फार जड, २० म्हणजे याहून पुढे शक्यच नाही. ६ पासून सुरुवात विचित्र वाटते, पण आकड्याला दहाने गुणलं की निरोगी तरुण माणसाच्या नाडीच्या आसपास येतं, त्यासाठी ती तशी आखली आहे.

मोजमापाचे चार दिवस

व्हीआरमध्ये पहिल्यांदाच शिरत असाल तर मोजण्याआधी तीन-चार वेळा नुसतं खेळून घ्या. नवखा माणूस गरज नसताना अख्खा हात फिरवतो, दचकतो, श्वास रोखतो. हात सरावाचे झाल्यावरच मोजमापाला अर्थ आहे.

मग चार दिवस निवडा, मध्ये किमान एकेक दिवस मोकळा सोडून. क्रम असा ठेवा : चालणं, व्हीआर, व्हीआर, चालणं. म्हणजे आधी काय केलं आणि नंतर काय, याचा पगडा दोन्हींवर सारखा पडतो. वेळ रोज तीच. जेवण होऊन दोन-तीन तास झालेले असावेत, आणि आधीचे तीन तास चहा-कॉफी नको. रात्री झोप झाली नसेल किंवा अंगात कणकण असेल तर तो दिवस सोडून द्या. अशा दिवशी नाडी आठ-दहा ठोके वर असते आणि सगळी तुलना फुकट जाते.

प्रत्येक दिवशी आधी दहा मिनिटं शांत बसा आणि शेवटच्या मिनिटाची नाडी लिहा. पाच मिनिटं अंग मोकळं करा. मग वीस मिनिटं मुख्य व्यायाम. चालण्याच्या दिवशी पावलांचा ताल मिनिटाला १०० च्या वर ठेवा. प्रौढ माणसाच्या बाबतीत मिनिटाला १०० पावलं म्हणजे ढोबळमानाने मध्यम व्यायामाचा उंबरठा, आणि १३० म्हणजे जोराचा. व्हीआरच्या दिवशी दोन्ही वेळा तेच खेळ, तीच पातळी, तोच क्रम.

व्हीआरच्या मोजमापात इथे एक गळती असते. बीट सेबरसारख्या, गाण्याच्या तालावर ठोकळे कापायच्या खेळात एक गाणं तीन-चार मिनिटांचं, मग गुण दिसतात, मग पुढचं गाणं शोधायचं. दर वेळी मिनिटभर गेलं तरी वीस मिनिटांतली चार-पाच मिनिटं नुसतं उभं राहण्यात जातात. चालताना असं होत नाही. म्हणून गाण्यांची यादी आधीच रचून ठेवा, एकामागून एक आपोआप सुरू होतील अशी. तशी सोय नसेल तर घड्याळावर फक्त प्रत्यक्ष हालचालीचा वेळ मोजा आणि वीस मिनिटं भरेपर्यंत खेळा.

दर पाच मिनिटांनी चार गोष्टी टिपायच्या : नाडी, बोर्गचा आकडा, तीस सेकंदांत किती श्वास झाले, आणि सात-आठ शब्दांचं एक वाक्य न थांबता बोलता येतं का. हेडसेट घालून वहीत लिहिता येत नाही. तेव्हा फोन रेकॉर्डिंगला लावून जवळ ठेवा आणि आकडे मोठ्याने बोला. बोलण्याची चाचणी त्यातच होऊन जाते, कारण नंतर ऐकताना वाक्य कुठे तुटलं ते स्वच्छ कळतं. पूर्ण वाक्य बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, हा मध्यम व्यायाम. दोन-तीन शब्दांनंतर दम घ्यावा लागला, तर जोराचा.

वीस मिनिटं झाली की एकदम थांबून बसू नका. पायांत साचलेलं रक्त वर यायला पोटरी हलती लागते. ती अचानक थांबली तर डोकं हलकं होतं, डोळ्यांपुढे काळोखी येते. दोन्ही दिवशी सारखंच करा : जागच्या जागी संथ पावलं टाकत राहा, थांबल्याक्षणीची नाडी, एक मिनिटानंतरची आणि दोन मिनिटांनंतरची लिहा. दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी सकाळी कुठे दुखतंय तेही लिहा. स्नायूंचं हे उशिराचं दुखणं २४ ते ७२ तासांत वर येतं. त्याच दिवशी काही दुखलं नाही म्हणून हिशेब बंद करू नका.

आकडे कसे वाचायचे

नाडी व्हीआरमध्ये जास्त, पण श्वास आणि बोलणं चालण्याइतकंच आरामात. हा सगळ्यात जास्त आढळणारा निकाल. ऑक्सिजनची मागणी फारशी वाढलेली नाही, ठोके मात्र हातांमुळे आणि उत्तेजनेमुळे चढलेत. घड्याळाने दाखवलेल्या कॅलरी इथे फुगलेल्या असतात, कारण घड्याळ नाडीवरून ऊर्जा काढतं आणि त्याचं सूत्र मुख्यतः पायांच्या व्यायामावर बसवलेलं असतं.

नाडी, श्वास आणि बोलण्यातली अडचण तिन्ही एकत्र चढली, तर तो खरा जोराचा व्यायाम. ज्या खेळात गुडघ्यांत वाकून चुकवावं लागतं, बाजूला सरकावं लागतं, कमरेतून ठोसा मारावा लागतो, तिथे हे घडतं. पायांचे मोठे स्नायू कामाला आले की व्हीआर साध्या चालण्याला सहज मागे टाकतं.

नाडी चालण्यापेक्षाही कमी आली, तर स्वतःचा खेळ बाजूने व्हिडिओ काढून पाहा. सरावलेला माणूस खांदा हलवतच नाही, नुसतं मनगट झटकून ठोकळा कापतो. गुण तेवढेच मिळतात, व्यायाम निम्मासुद्धा होत नाही. उपाय एकच : हात खांद्यापासून फिरवा, कापल्यावर पातं नितंबापर्यंत खाली न्या, गुडघे सैल ठेवा.

बोर्गचा आकडा ११ आणि नाडी मात्र जोराच्या पट्ट्यात. इथे जपून. लक्ष खेळात गुंतलं की दमल्याची जाणीव मेंदूपर्यंत पोहोचते, पण तिच्याकडे ध्यान जात नाही. व्हीआरचं हेच खरं बळ आहे : ज्याला चालायचा कंटाळा येतो तोही अर्धा तास आनंदाने घाम गाळतो. पण हा परिणाम मध्यम श्रमापर्यंतच चालतो. श्रम खूप वाढले की शरीराची ओरड खेळाला भेदून वर येतेच. मधल्या टप्प्यात मात्र आपल्याला वाटतं त्यापेक्षा हृदय बरंच पुढे गेलेलं असतं. हृदयविकार, रक्तदाब किंवा वय यामुळे डॉक्टरांनी नाडीची मर्यादा घालून दिली असेल, तर ती घड्याळात धोक्याची सूचना म्हणून लावा आणि घड्याळ थरथरलं की थांबा. ‘मला तर काही त्रास होत नाहीये’ हा अंदाज व्हीआरमध्ये भरवशाचा नाही.

उलट प्रकारही होतो : नाडी साधी, बोर्गचा आकडा १५. बहुतेक वेळा कारण असतं उकाडा, हेडसेटचं ओझं किंवा मळमळीची सुरुवात.

या चार दिवसांनंतर जमलं तर पाचवा दिवस जरूर करा, कारण खरी उकल तिथेच होते. व्हीआरमध्ये तुमची सरासरी नाडी समजा १३० आली. आता चालताना वेग किंवा चढ वाढवत तीच १३० गाठा आणि वीस मिनिटं टिकवा. ट्रेडमिलवर चढ ४-५ टक्के केला की वेग फार न वाढवता नाडी वर जाते. सारख्या नाडीला दोन्हीकडचे श्वास आणि बोलणं शेजारी-शेजारी मांडा. चालताना श्वास जास्त खोल आणि भरभर चाललेले दिसतील. तीच नाडी, पण पायांनी जास्त ऑक्सिजन वापरला.

कॅलरींचा हिशेब, घड्याळाशिवाय

शांत बसलेलं शरीर दर किलो वजनामागे मिनिटाला सुमारे ३.५ मिलिलिटर ऑक्सिजन वापरतं. याला एक मेट म्हणतात, आणि ढोबळ हिशेबात तो दर किलोमागे तासाला एक किलोकॅलरी पडतो. तासाला साधारण ४.८ किलोमीटर वेगाने सपाटीवर चालणं साडेतीन मेटच्या आसपास येतं. ७० किलोच्या माणसाने अर्धा तास असं चाललं तर ७० गुणिले ३.५ गुणिले ०.५, म्हणजे सुमारे १२२ किलोकॅलरी. त्यातल्या ३५ तो बसून राहिला असता तरी खर्च झाल्याच असत्या. व्यायामाच्या नावावर जमा होतात त्या ८७.

व्हीआरसाठी असा एकच आकडा देणं चूक ठरेल. उभ्या-उभ्या कोडी सोडवण्याचा खेळ आणि मुष्टियुद्धाचा खेळ यांत घरात आवरासावर करणं आणि धावणं यांच्याइतका फरक असू शकतो. तुमच्या पाचव्या दिवसाचा उपयोग इथे होतो : व्हीआरमध्ये जितका दम लागला तितकाच दम चालताना कुठल्या वेगाला लागतो ते पाहा, आणि त्या वेगाचा मेट व्हीआरला लावा. प्रयोगशाळेइतकं नेमकं नाही, पण नाडीवरून काढलेल्या आकड्यापेक्षा खूप बरं. घड्याळातली पावलं मात्र व्हीआरच्या दिवशी मोजूच नका. हात हलला की घड्याळ पाऊल धरतं. तीन हजार पावलं दाखवली तरी तळव्यांवर तेवढे भार पडलेले नसतात, आणि हाडांना मजबुती येते ती शरीराचं वजन एकेका पायावर पडण्याने.

कुठे बिघडतं आणि का

मळमळ. डोळे सांगतात आपण पुढे निघालोय, कानाच्या आतला तोल सांभाळणारा अवयव सांगतो आपण जागेवरच आहोत. या विसंगतीतून मळमळ येते. ज्या खेळात कंट्रोलरची दांडी दाबून सरकायचं असतं त्यात ती सर्वांत जास्त. ज्यात तुमची खरी हालचाल आणि दिसणारी हालचाल एकच असते त्यात कमी. व्यायामासाठी दुसऱ्या प्रकारचेच खेळ निवडा. हेडसेटच्या भिंगांमधलं अंतर तुमच्या डोळ्यांच्या बाहुल्यांमधल्या अंतराला जुळवा. आरशासमोर मिलिमीटरची पट्टी कपाळाला टेकवून ते मोजता येतं, आणि प्रौढांमध्ये ते सरासरी ६३ मिलिमीटरच्या आसपास असतं. पहिली लक्षणं ओळखा : जांभया, तोंडाला पाणी सुटणं, ढेकर, कपाळावर थंड घाम. यातलं एक जरी दिसलं तरी तिथेच हेडसेट काढा. रेटून सवय होईल ही समजूत घातक आहे. रेटणाऱ्याला पुढच्या वेळी हेडसेट हातात घेतल्याबरोबर मळमळायला लागतं. दोन-तीन दिवस थांबा आणि पाच मिनिटांपासून पुन्हा सुरू करा.

मान. मेटा क्वेस्ट ३ या हेडसेटचं वजन ५१५ ग्रॅम. आकडा लहान वाटतो, पण बहुतेक भार चेहऱ्याच्या पुढे लोंबतो आणि मानेच्या मागचे स्नायू तो सतत तोलून धरतात. मागचा पट्टा डोक्याच्या मागच्या हाडाच्या उंचवट्याखाली बसवा, वरचा पट्टा ओढून गालांवरचं ओझं कमी करा. पट्टा नुसता घट्ट आवळला तर कपाळ दुखतं, मानेचा त्रास तसाच राहतो.

कोपर. याकडे बारकाईने पाहायला हवं. पिशवीवर ठोसा मारला की पिशवी हात थांबवते. हवेत मारलेल्या ठोशाला थांबवायला काहीच नसतं. हात पूर्ण वेगाने सरळ होतो आणि शेवटच्या काही अंशांत दंडाचा पुढचा स्नायू ताणला जात-जात त्याला आवर घालतो. तो दमला की तोच झटका कोपराच्या सांध्यावर जातो. वीस मिनिटांत असे कित्येक शे ठोसे होतात. म्हणून हात सरळ होण्याच्या थोडं आधीच ठोसा मागे खेचा, कोपरात किंचित बाक राहू द्या. मनगटाला वजनाचे पट्टे बांधून व्यायाम वाढवायचा मोह टाळा. वजन वाढलं की जोर लावायला लागतो त्यापेक्षा आवर घालायला जास्त लागतो. जास्त श्रम हवे असतील तर गुडघे वाका.

चालण्यातही चुका होतात, पण थोड्या. वेग एकदम वाढवला तर नडगीच्या बाहेरच्या बाजूचा स्नायू पेटतो, कारण प्रत्येक पावलाला पंजा वर उचलून धरणं हे त्याचं काम. पाऊल लांब टाकण्यापेक्षा छोटी पावलं भरभर टाका.

हेडसेट लावून ट्रेडमिलवर चालायचा विचार असेल, तर बाजूचे कठडे आणि कपड्याला अडकवायची बंद पडणारी दोरी यांशिवाय नको. डोळ्यांना खरी जमीन दिसत नाही, तेव्हा शरीर आपोआप पावलं आखूड आणि फाकवून टाकतं, आणि तोल एका बाजूला जातोय हे उशिरा लक्षात येतं.

फेफरं येण्याचा इतिहास, सतत भोवळ, नुकतीच झालेली डोळ्यांची शस्त्रक्रिया, आटोक्यात नसलेला रक्तदाब, हृदयात बसवलेलं उपकरण, गरोदरपण : यातलं काही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हेडसेट लावू नका. छातीत दाबल्यासारखं झालं किंवा ठोके चुकल्यासारखे वाटले तर कुठलाही व्यायाम तिथेच थांबवा आणि तपासणी करून घ्या. व्हीआर संपल्यावर किमान अर्धा तास गाडी चालवू नका. काही जणांची तोलाची आणि अंतराची जाणीव जागेवर यायला वेळ लागतो.

आठवड्यात दोन्ही कसं बसवायचं

जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोराचा व्यायाम अशी आहे. पाया चालण्याचा ठेवा, निदान पाच दिवस अर्धा-अर्धा तास. व्हीआर त्यावर एकाआड एक दिवस, सुरुवातीला दहाच मिनिटं, आणि दर आठवड्याला पाच मिनिटांहून जास्त वाढ नको. हृदय लवकर तयार होतं, खांदे आणि कोपरं मागे राहतात. घाई केल्यावर खेळ सोडावा लागतो तो बहुधा दम कमी पडला म्हणून नव्हे, खांदा धरला म्हणून. एकाच दिवशी दोन्ही करायचं तर आधी दहा मिनिटं चाला, मग व्हीआर, मग पुन्हा पाच मिनिटं चाला. पायांचा पंप आधीच चालू असला की व्हीआरमध्ये नाडी एकदम उसळत नाही, आणि शेवटच्या चालण्याने डोळे आणि तोल पुन्हा एका सुरात येतात.

सहा आठवड्यांनी तीच मोजणी पुन्हा करा : तीच वाट, तोच वेग, त्याच गाण्यांची यादी, तीच पातळी. नाडी दोन्हीकडे पूर्वीपेक्षा खाली आली, तर हृदय खरंच सुधारलंय. फक्त चालण्याची उतरली, तर पाय तयार झाले, हातांना अजून वेळ द्या. आणि फक्त व्हीआरची उतरली, चालण्याची तिथेच राहिली, तर आधी व्हिडिओ काढून पाहा. बहुतेक वेळा मनगट हुशार झालेलं असतं आणि खांद्याने काम सोडलेलं असतं. तेव्हा पातळी वाढवू नका, हात पुन्हा खांद्यापासून फिरवायला लागा आणि दोन आठवड्यांनी परत मोजा.